बाळाचा आहार

या, असे जवळ सरका. मागं खांबाला टेकलेल्यांनीही पुढं या, मला ओरडून सांगायची सवय नाही. आज तुम्हाला एका बाळाची गोष्ट सांगतो. बाळ वीतभरसुद्धा नाही, पण त्यानं लोणावळ्याच्या मौजगड पार्कात अकरा बायकांचं जेवण आत नेलं. भर दिवसा, फाटकातून, आणि तेही साहेबांच्या परवानगीनं. खोटं वाटलं तर बेगडेवाडीला जाऊन रतनबाईंना विचारा. मात्र जेवणवेळेला जाऊ नका, जेवल्याशिवाय त्या उठू देत नाहीत.

रतनबाई म्हणजे तिथल्या महिला भजनी मंडळाच्या पुढारी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि आवाज असा की माईकवाला आपण होऊन वायर गुंडाळायला लागतो. गेल्या वर्षी तळेगावातल्या भजन स्पर्धेत त्यांचं मंडळ पहिलं आलं. बक्षीस काय, तर अकराजणींना मौजगडचा फुकट प्रवेश. आकाशपाळणा, पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचा बंगला, सगळं फुकट. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: खाण्यापिण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा.

ते बारीक अक्षर हिराबाईंनी बरोबर हेरलं. हिराबाई रतनबाईंच्या जाऊ. नातवाला घेऊन त्या आधी एकदा तिकडं जाऊन आल्या होत्या आणि अजून सावरल्या नव्हत्या.

"पान्याची बाटली साठ रुपये, वैनी! वडापाव येकशेचाळीस! आन् वडा केवडा? सुपारीयेवडा."

"वड्यात केशर घालत्यात का काय?" रतनबाईंनी विचारलं.

"कशाचं केशर! खाल्ल्यावर बटाटा व्हता का न्हाई, त्येच आठवंना. यंदा आनखी वाडवलंय म्हनं."

झालं. मंडळानं ठरवलं की आत जाऊन एक पैसा खर्चायचा नाही. कुणी दशम्या केल्या, कुणी धपाटे थापले. ज्वारीच्या लाह्या, पोहे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लिंबाचं लोणचं, काकड्या, आणि रतनबाईंच्या घरच्या म्हशीच्या दह्याचं भलं मोठं मडकं. सात पिशव्या भरल्या. गावातल्या केरबाच्या टेम्पोत बायका कमी आणि जेवण जास्त दिसत होतं.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल, तरी सांगतो. आपल्याकडं लेकीच्या लग्नात माहेरून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात. रतनबाईंना आईनं दिलेला रांगता बाळकृष्ण पितळेचा आहे, गुडघे झिजलेला, हातात लोण्याचा गोळा. रोज त्याला न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, रात्री निजवायचं. घरी नैवेद्य दाखवायला दुसरं कुणी नसलं आणि जेवणवेळ बाहेर होणार असली, की त्या त्याला कुंची घालून, मऊ फडक्यात गुंडाळून सोबत घेतात. बँकेत नेलाय, दवाखान्यात नेलाय. त्या दिवशीही तो त्यांच्या पिशवीत होता, मऊ दशम्यांच्या वर. यात काही कावा नव्हता हो. कावा पुढं सुचला.

फाटकावर पिशव्या तपासायला ज्योत्स्ना होती. नवलाख उंबरे गावची मुलगी. तिथल्या एका कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलं, तेव्हा इथं लागली. निळा गणवेश, कमरेला वॉकीटॉकी, बोलणं मऊ पण पक्कं.

"मावशी, पिशव्या टेबलावर ठेवा. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"का गं? आत समद्यांचा उपास हाय का?"

"आत स्टॉल आहेत ना."

"त्येच तर दुकनं हाय!" हिराबाई मागून म्हणाल्या.

बायका हसल्या. ज्योत्स्नालाही हसू आलं होतं, पण तिनं वर खांबावरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि ते गिळलं. मग रतनबाईंच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, मला परवा नोकरीत पक्कं करणार आहेत. मॅनेजर साहेबांनी बजावलंय, एक डबा जरी चोरून आत गेलेला सापडला तर मी घरी. वडील अंथरुणावर आहेत, धाकटी शिकतेय. तुम्हाला डबे इथं फळीवर ठेवावे लागतील."

रतनबाईंचा नूरच बदलला. आत्तापर्यंत त्या भांडायच्या तयारीत होत्या. आता पेच पडला. जेवण आत न्यायचं होतं, आणि या पोरीच्या पोटावर पायही येऊ द्यायचा नव्हता. चोरून न्यायचा मार्ग बंद झाला. न्यायचं तर राजरोस.

"हिरे, त्या पाटीवर काय लिवलंय ते वाच जरा."

हिराबाईंनी चष्मा पुसला. "बाहेरील खाद्यपदार्थ व पेये आणण्यास सक्त मनाई आहे. लहान बाळाचा आहार वगळून."

"फिरून वाच."

"लहान बाळाचा आहार वगळून."

रतनबाई ज्योत्स्नाकडं वळल्या. चेहरा असा, जसा गौळणीला पहिली टाळी पडायच्या आधी असतो. "पोरी, बाळ संगं असलं तर?"

"तर त्याचं खाणं सोडते, मावशी. बाळ अडीच फुटांच्या आत असेल तर त्याला तिकीटही नाही."

"लय आत हाय," म्हणत रतनबाईंनी पिशवीत हात घातला आणि कुंची घातलेला बाळकृष्ण टेबलावर ठेवला.

ज्योत्स्ना त्याच्याकडं बघत राहिली. "मावशी, हे पितळेचं आहे."

"आमच्या घरात समद्यात ल्हान त्योच. आईनं माज्या वटीत घातला त्या दिसापासनं माज्या हातनं जेवतोय. पाटीवर कुटं लिवलंय का, बाळ रडलंच पायजे म्हनून?"

"पण सात पिशव्या? एवढं खाणार हे बाळ?"

"गोकुळातलं हाय. त्येच्या भुकंचं इचारू नगं."

ज्योत्स्नानं पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "मावशी, मी देव मानत नाही. आमच्या घरी बुद्धवंदना असते. पण मी नियम मानते. तुमचं बाळ त्या नियमात बसतं का नाही, हे मी माझ्या मनानं ठरवणार नाही. साहेबांना विचारते." तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरली. त्यावर बोललेलं सगळ्या फाटकांवर आणि सगळ्या रखवालदारांना ऐकू जातं, हे ध्यानात ठेवा.

"सर, गेट दोन. अकरा महिला आहेत, एक बाळ आहे. सोबत बाळाचा आहार आहे. सोडू का?"

खरखर झाली. मॅनेजर प्रितम साहेबांचा आवाज आला. "बाळ केवढं आहे?"

"खूप लहान, सर. हातात मावतंय."

"मग विचारतेस काय? सोड."

"सर, आहार जरा जास्त आहे. सात पिशव्या. दह्याचं मडकं पण आहे."

"अगं, आजकालच्या बाळांना सगळं लागतं! गेल्या रविवारी एका बाईची दुधाची बाटली अडवलीत, तिनं व्हिडिओ टाकला, अजून निस्तरतोय मी. बाळाला अडवायचं नाही."

"सर, तुम्ही एकदा येऊन बघता का?"

"मी आता बाळं बघत हिंडू? माझ्या सांगण्यावरून सोड!"

ज्योत्स्नानं वॉकीटॉकी कमरेला लावली. बाळाकडं पाहिलं, मग रतनबाईंकडं. "जा मावशी," एवढंच म्हणाली, आणि एकेक पिशवी उघडून, नीट तपासून, आत सोडली.

आत काय मजा झाली म्हणता! हिराबाई आकाशपाळण्यात बसल्या आणि वर गेल्यावर त्यांनी जेवढ्या देवांची नावं घेतली तेवढी एरवी अख्ख्या सप्ताहात होत नाहीत. भुताच्या बंगल्यात भूत अंगावर आलं, तर रतनबाईंनी त्यालाच विचारलं, "जेवलास का रं?"

दुपार झाली. स्टॉलसमोर रांगा लागल्या होत्या. लोक फलकावरचे दर वाचत, मग मुलांकडं बघत, मग पुन्हा दर वाचत. बायकांनी तिथल्याच झाडाखाली सतरंजी अंथरली. बाळकृष्णाला मधे बसवलं, मोठ्या पातेल्यात लाह्या, पोहे, डाळ, काकडी, लोणचं आणि सगळं दही एकत्र करून काला कालवला, दशम्या-धपाट्यांचा ढीग शेजारी रचला. तुळशीपत्र ठेवलं, नैवेद्य दाखवला, आणि टाळ्यांवर एक गौळण धरली.

इथंच त्यांची चूक झाली. पण चूक म्हणायची तरी कशी? बाळाचं म्हणून आणलं म्हटल्यावर बाळाला दाखवावंच लागणार. आणि एकदा नैवेद्य दाखवला की ते जेवण तुमचं राहत नाही, प्रसाद होतो. प्रसाद पुढ्यात घेऊन आपणच खात बसायचं नसतं, आणि समोर आलेल्या हाताला नाही म्हणायचं नसतं.

पहिला हात आला तो एका लहान मुलीचा. तिचा बाप सँडविचच्या रांगेत घाम पुसत उभा होता. रतनबाईंनी तिच्या तळव्यावर काला ठेवला. तिनं चाटला आणि ओरडली, "बाबा, इथं फुकट आहे!"

मग काय विचारता. रांग मोडली आणि झाडाखाली नवी रांग लागली. पुण्याची कुटुंबं आली, कॉलेजची पोरं आली, गुजरातची अख्खी बस आली. शेवटी टोपी घातलेला सँडविचवालाही स्टॉल सोडून हात पसरून उभा राहिला.

"वैनी, आपल्याला काय ऱ्हानार?" हिराबाई कुजबुजल्या.

"वाडत ऱ्हा. आता त्ये आपलं हाय व्हय?"

पातेलं रिकामं झालं. धपाटे संपले. मडकं एका आजोबांनी बोटानं पुसून घेतलं. अकराजणींच्या पोटात कण नाही! त्या एकमेकींकडं बघायला लागल्या आणि हसू फुटणार, एवढ्यात प्रितम साहेब धावत आले. गळ्यात टाय, मागं दोन रखवालदार.

"हे सगळं आत कसं आलं? गेट दोनला कोण आहे? बोलवा तिला!"

ज्योत्स्ना आली. तोंड उतरलेलं.

"तुला सांगितलं होतं की नाही? आता परवाचं विसर. गणवेश आणून दे."

रतनबाईंनी पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. गंमत आपण केली आणि भरणार ही पोर. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"सायेब, आवाज हळू. बाळ आत्ताच जेवून निजलंय."

"कुठलं बाळ?"

रतनबाईंनी कुंची बाजूला केली. साहेबांनी बघितलं. पुन्हा बघितलं.

"ही... ही मूर्ती आहे!"

"तुमी बगायला आला न्हाई, त्येला आमी काय करावं? पोरीनं तुमाला येकदा न्हाई, तीनदा इचारलं. बाळ हातात मावतंय म्हनली, जेवन जास्त हाय म्हनली, येऊन बगा म्हनली. खोटं काय बोलली ती? माज्या सांगन्यावरनं सोड, हे कोन म्हनलं? आता तुमीच ठरवा. त्ये बाळ असंल, तर पोरीनं नेमानं काम केलंय. आन् बाळ नसंल, तर बिनबाळाचं जेवन आत कुनी सोडलं?"

मागच्या रखवालदारांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलत होते. त्यांच्याही कमरेला वॉकीटॉकी होती. सकाळचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. पार्कचे मालक पुण्यात बसून कॅमेऱ्यातून बघत होते. स्टॉल ओस पडलेत आणि झाडाखाली जत्रा कसली, असं विचारत होते. प्रितम साहेबांनी ज्योत्स्नाकडं पाहिलं, बाळकृष्णाकडं पाहिलं. घसा खाकरला.

"नाही सर, विशेष काही नाही. एक बाळ आलं होतं... हो सर, आहारासकट... नियमानुसारच सर, पाटीवर आहे तसं. गेटवरच्या मुलीनं रीतसर विचारून सोडलं... हो सर, मुलगी चांगली आहे. काम चोख आहे... परवा पक्कीच करतोय, सर."

फोन ठेवला आणि साहेबांनी आपसूक बाळाला हात जोडले. रतनबाईंनी त्यांच्या तळव्यावर तुळशीचं पान ठेवलं, कारण दुसरं काही उरलंच नव्हतं.

साहेब पान चघळत निघाले, दोन पावलांवर थांबले आणि वळून गोड आवाजात म्हणाले, "आजी, तुमची जेवणं राहिली वाटतं. वडापाव आहे हं आपल्याकडं. आजपासून एकशेसाठ."

हिराबाई पाण्यानंच पोट भरायला नळाकडं निघाल्या. पण ज्योत्स्ना अजून तिथंच उभी होती.

"मावशी, माझी जेवणाची सुट्टी झालीय. हातावर शिक्का मारून देते, बाहेर या. परत आत येता येईल."

फाटकाबाहेर रखवालदारांची पत्र्याची शेड आहे. ज्योत्स्नानं डबा उघडला: भाकरी, मेथीची भाजी, मिरचीचा ठेचा. बाकीच्या रखवालदारांनीही आपापले डबे पुढं सरकवले. रतनबाईंनी सगळ्यांच्या आधी हात पुढं केला.

"मावशी, हा काही प्रसाद नाही हं," ज्योत्स्ना म्हणाली.

"बरं झालं. मग पोटभर खाता यील."

एकेक चतकोर वाट्याला आली. अकराजणी जेवल्या, आणि हिराबाईंनी ठेचा दुसऱ्यांदा मागितला.

ज्योत्स्ना तिसऱ्या दिवशी पक्की झाली. तिनं फोन केला तेव्हा रतनबाईंनी बाळकृष्णापुढं साखर ठेवली आणि फोन त्याच्या कानाला लावला. मौजगडचे दर काही उतरले नाहीत, उलट वाढलेच. पाटीवर मात्र आता 'लहान व सजीव बाळाचा आहार' असं लिहिलंय.

तर मायबाप, एवढं करा. आज घरी जाऊन पहिला घास उचलाल, तेव्हा नवलाख उंबऱ्याच्या ज्योत्स्नाची आठवण काढा. ती स्वतः देवाजवळ काही मागणार नाही. तिच्यासाठी आणि अंथरुणावरच्या तिच्या वडिलांसाठी दोन शब्द तुम्हीच त्याच्या कानावर घाला.