सेंदाईची एक जागा

मोर्वेना आणि हॅरिएट लीड्सला रसायनशास्त्राबरोबर जपानी शिकत होत्या. दोघी एकाच घरात राहायच्या. हॅरिएटच्या डोक्यात जपानी क्रियापदं शिरत नसत, म्हणून मोर्वेना रोज चहा पिता पिता तिच्याकडून ती घोकून घ्यायची. तिसरं वर्ष जपानात काढायचं होतं. दोघींना सेंदाईचीच प्रयोगशाळा हवी होती, आणि तिथे जागा एकच होती.

एके दिवशी जपानीच्या ओझाकीबाईंनी वर्गानंतर मोर्वेनाला थांबवलं.

"तुझंच नाव पाठवणार होते गं. पण आईच्या आजारपणामुळे तू देश सोडणार नाहीस, असं हॅरिएट म्हणाली. मग तिचं पाठवलं."

"आई तर केव्हाच बरी झाली, बाई!"

बाईंचा चेहरा उतरला. आता सेंदाईचं काही होण्यासारखं नव्हतं.

घरी हॅरिएट पावाला लोणी लावत होती. मोर्वेनाने सरळ विचारलं.

"अगं, तूच रडत होतीस ना, आईला सोडून जाववत नाही म्हणून?"

"तुझ्यापाशी रडले होते, हॅरिएट. बाईंपाशी नाही."

"मग मी खोटं बोलले का?"

मोर्वेना आपल्या खोलीत निघून गेली. खोटं असतं तर निदान भांडता आलं असतं. त्याच आठवड्यात तिने घर सोडलं.

पुढे तिला जपानातच, पार दक्षिणेला कागोशिमात जागा मिळाली. सप्टेंबरात दोघी एकाच विमानात निघाल्या. हॅरिएटने हात हलवून शेजारची रिकामी सीट दाखवली. मोर्वेना तिच्याकडे न बघता पुढे गेली आणि एका अनोळखी म्हाताऱ्याशेजारी बसली.