छान लिहिलंय, लिहीत राहा

२०१२ साली मी सिंगापूरमधल्या मराठी ब्लॉगर्सवर एमएचा प्रबंध लिहीत होते. गाईड म्हणाल्या, नुसतं बाहेरून बघून कळणार नाही, स्वतः ब्लॉग लिही. लिहायला लागले. आठवड्यात रीत कळली: मी तुमच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया द्यायची, तुम्ही माझ्या. मला ते फार प्रेमळ वाटलं. "हे लोक एकमेकांची सुखदुःखं वाटून घेतात," असं दुसऱ्या प्रकरणात लिहूनही टाकलं.

मार्चमध्ये पुण्याला बाबा गेले. दिवसकार्य उरकून सिंगापूरला, बुओना व्हिस्टाच्या खोलीवर परतले आणि 'बाबांची चप्पल' नावाची पोस्ट लिहिली. आयसीयूच्या दारात ती चप्पल हातात धरून मी कशी उभी होते, एवढंच. बाबा गेले हे पहिल्याच ओळीत होतं.

दुपारपर्यंत एकतीस प्रतिक्रिया आल्या. "मस्त." "हाहा, आमच्या बाबांचीही तुटकीच असायची." सगळ्यात पहिली नीताताईंची: "छान लिहिलंय, लिहीत राहा." मुलाखतींच्या निमित्ताने मी सेरंगूनला त्यांच्या घरी चार वेळा जेवले होते.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. "तुझ्याकडे कमेंट टाकली गं. आता माझ्याकडे येऊन जा."

गेले. त्यांची नवी पोस्ट न वाचताच थेट खाली प्रतिक्रियांपाशी उतरले आणि लिहिलं, "छान लिहिलंय, लिहीत राहा."

मग प्रबंधाचा तक्ता उघडला, आणि त्यांची अन् माझी, दोन्ही प्रतिक्रिया 'भावनिक आधार' या रकान्यात मोजल्या.