गालातला पेढा

नळीतलं निळं औषध चुलीच्या जाळावर आधी हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं तांबडं. यमुनाबाईने चिमट्यातली नळी खाली ठेवली आणि तशीच ओटीवर आली.

"कोनी दिलान ह्यांना गोड?"

ओटीवर खाटेला खिळलेला महिपत तांडेल तिचा नवरा. अर्धांगाचा झटका येऊन बेचाळीस दिवस झाले होते. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकाच सकाळी गेली. साखर आटोक्यात राहिली तर गेलेलं थोडंफार परत येईल, नाहीतर आशा सोडा, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून यमुनाबाई पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकायची आणि घरी आली की नवऱ्याला इन्सुलिनची सुई टोचायची. मग त्याच्या लघवीचे आठ थेंब त्या निळ्या औषधात टाकून उकळायची. आनंदीबाई नर्सने तिला हे शिकवलं होतं. साखर नसली तर रंग निळाच राहतो, तांबडा झाला की समजायचं, घात झाला.

आणि लोक! आजाऱ्याला भेटायला यायचं तर ग्लुकोजचा डबा हवाच. शहाळी हवीत, बिस्किटं हवीत. यमुनाबाईने एकेकाला दारातूनच परत पाठवलं. बाई नवऱ्याला उपाशी मारते, अशी वाड्यात तिची कीर्ती झाली. होऊ दे. गेले चार दिवस रंग निळा होता आणि काल महिपतच्या उजव्या हाताचा अंगठा हलला होता. तिने स्वतः बघितला होता.

"मी दिला," खाटेशी बसलेला हरिश्चंद्र म्हणाला. हा महिपतचा धाकटा भाऊ, सकाळच्याच गाडीने मुंबईहून आलेला. "चार पेढे दिले, वैनी. काय इख नाय घातला."

"इखच ता!"

"अगो, किती दिवस ओढशील असा? आता त्याचा काय ऱ्हायला? खाव दे मनासारखा. इच्छा ऱ्हायली तर दहाव्याला कावळा शिवनार नाय. मग सगली रडशाल."

दहावा! माणूस हातभर अंतरावर जिवंत पडलेला, आणि हा पिंडापर्यंत पोचलासुद्धा. महिपतची वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्याने डोळे मिटून घेतले. ते बघून यमुनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भावजी, तुमी भावाला भेटाला आलाव, का त्याला वाटेला लावाला? माझा मानूस जिता हाय अजून! कावळ्याची काळजी सगल्यांना, त्याच्या हाताची कोनाला नाय!"

बोलता बोलताच तिचं लक्ष महिपतच्या उजव्या गालाकडे गेलं. गाल फुगलेला होता. त्या बाजूला त्याला काही कळत नसे, घास तिथेच अडकून राही. ती खाटेवर बसली आणि तिने त्याच्या तोंडात बोट घातलं.

"ऱ्हाव दे गो तेवढा तरी," दीर म्हणाला.

तिने पेढ्याचा लगदा ओढून काढला. महिपतने डाव्या हाताने तिचा हात झिडकारला. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि तो ओरडला,

"रांडे!"

बेचाळीस दिवस त्या तोंडातून नुसती गुरगुर निघत होती. हा शब्द मात्र पायरीवर उभ्या असलेल्या माणसालाही कळला असता. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिला असं कधी म्हटलं नव्हतं. तिला तो झोंबला. खोटं कशाला सांगा, चांगलाच झोंबला.

"बघ, बघ!" हरिश्चंद्र उठून उभा राहिला. "पेढ्यानंच वाचा फुटली दादाला!"

"गप ऱ्हावा तुमी!"

महिपत स्वतःच घाबरल्यासारखा तिच्याकडे बघत होता. तिने पदराने त्याची हनुवटी पुसली. मग आपलं तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं.

"आनि एकदा बोला," ती म्हणाली.