दसऱ्यापर्यंतची मोरी

त्र्याऐंशी साली रघूला मुलुंडला खोली मिळाली आणि इकडे मिरजोळ्याच्या घरात त्याच्या बायकोचं, दमयंतीचं, नशीब एका मोरीवर येऊन अडलं. सासू यमुनाबाई तशी वाईट नव्हती, पण एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. "जिला घरातली मोरी राखता येत नाय, ती चाळीत खोली काय राखणार? दसऱ्यापर्यंत मोरी नीट ऱ्हायली, तर जा खुशाल."

मोरी आजेसासऱ्यांच्या वेळची. पाणी मातीच्या नळातून जमिनीखालून मागच्या केळीत जायचं, आणि नळाला मध्येच एक वाकण. त्यात राख, शितं आणि तेलकटपणा साचला की संपलंच. दमयंतीने कंबर कसली. पेज गाळून गुरांना, माशांची खवलं माडाच्या मुळात, तेलकट भांडं आधी नारळाच्या सुक्या सोडणाने पुसायचं, मगच राखेने घासायचं. रोज संध्याकाळी मोरीत कढत पाणी, शनिवारी त्यात मूठभर धुण्याचा सोडा. तरी गणपती उरकेपर्यंत मोरी दोनदा तुंबली. "आता आखरीचा. परत तुंबली तर जाणा नाय," सासूने बजावलं. दोन्ही वेळा दमयंती रडली ती नणंदेजवळ, तुळसाजवळ. "वयनी, तुजी काय चूक नाय गो. नळच म्हातारा झालाय," तुळसा तिचे डोळे पुसत म्हणायची. अख्ख्या घरात हे एकच आपलं माणूस, असं दमयंतीला वाटे.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा वर आलं. दमयंतीने पदर खोचला, केळीत उतरली आणि नळाच्या तोंडातून बांबूची कांबट आत सारली. ढोसता ढोसता घळकन पाणी सुटलं आणि त्यासोबत आला काथ्याचा बोळा, सुंभाने गच्च आवळलेला. तिने सुंभ बोटांत फिरवून पाहिला. तुळसा डावखुरी, तिने वळलेल्या सुंभाचा पीळ उलटा पडे. साऱ्या वाडीत तसा सुंभ दुसरं कोणी वळत नव्हतं.

"तुळसा, ह्यो तुजा," मागोमाग केळीत आलेल्या तुळसापुढे बोळा धरत दमयंती म्हणाली.

तुळसाने मान खाली घातली. "तू गेलीस की ही चूल, ही गुरा, आय, सगळा माज्याच गळ्यात."

तिने उघड भांडण केलं असतं, तर दमयंतीने सोसलं असतं. पण जे हात डोळे पुसत होते, तेच बोळा कोंबत होते. तेवढ्यात यमुनाबाई मागल्या दारी आली. तुळसाने बोळा हिसकावून न्हाणीच्या चुलीत टाकला. "काथ्या होता, आये. वयनीन भांडी घासून तसाच टाकलान."

"मग संपला," यमुनाबाई म्हणाली. "लिव रघूला, मोरी परत तुंबली, दिवाळीनंतर बगू."

दमयंतीने आत जाऊन कार्ड लिहिलं. यमुनाबाईला वाचता येत नव्हतं. घरातलं प्रत्येक कार्ड तुळसाच वाचून दाखवी. दमयंतीने तिच्यासमोर कार्ड धरलं. "वाच. आईंना मोठ्यानं वाचून दाखव."

कार्डावर लिहिलं होतं: मोरी तुळसाने बोळा कोंबून तुंबवली. दसऱ्याला येऊन मला घेऊन जा.

तुळसाचा चेहरा उतरला. तिने एकदा आईकडे पाहिलं, घसा साफ केला आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "मोरी परत तुंबली. दिवाळीनंतर बघू."

एक शब्द अडखळला नाही. यमुनाबाईने समाधानाने मान डोलावली. दमयंती कार्ड घेऊन पोस्टाच्या वाटेला लागली. खरं लिहिलेलं कार्डच आता रघूला जाणार, आपलं काम झालं, हे तिला कळत होतं. पण इतके दिवस हाच आवाज आपण खरा मानला, या विचाराने तिला भर रस्त्यात रडू फुटलं.