लाल रंगावर खाडीचा चिखल

मी खाडीतली होडी बोलतेय. चौदा हात लांब, दोन वल्ह्यांची. बोलते कमी, पण खोटं बोलत नाही.

एका सुताराने मला आपल्या अंगणात घडवलं. फळ्यांच्या फटींत कापूस ठासला, वर तेल पाजलं आणि मालकाला म्हणाला, "हिला जप. ही तुला जपेल." तीस वर्षं मालकाने माझ्यातून मासे धरले. थेंबभर पाणी आत घेतलं असेल तर शपथ! पुढे त्याचे गुडघे कुरकुरू लागले आणि मी काठावर पालथी पडले. कोंबड्या माझ्या पाठीवर बसून मला नको ते बक्षीस देऊन जात.

मालकाची सून हिकमती. आमचं गाव लहान, शांत. खाडीतल्या बेटावर करकोच्यांची शाळा भरते. ती बघायला माणसं येतील, हे तिने हेरलं. मागच्या दोन खोल्यांना चुना लावला. म्हणाली, "पाहुणे टिकले तर ठीक. नाहीतर पुन्हा शहरातली नोकरी आणि महिन्यातून एकदा घर."

मालक नुसता "हं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या फटी भरायला बसला.

सुनेने मला हौसेने लालभडक रंगवलं. वर पिवळे पट्टे. पाण्यात स्वतःला बघून मीही जरा फुगलेच.

पहिले पाहुणे म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको. आम्ही बेटाजवळ पोचायच्या आतच सगळे करकोचे उडाले. दुपारी पुन्हा तेच.

"शेपट्या छान आहेत हो पक्ष्यांच्या," बाई म्हणाल्या.

"उद्या दुपारच्या गाडीने निघू आम्ही," पोस्टमास्तर म्हणाले.

सुनेचा चेहरा पडला. "बाबा, असं का होतंय?"

"लग्नाला निघाल्यासारखी होडी. पाखरं बिचकणार नाहीत तर काय?"

"मग आधी का नाही बोललात?"

"तू हौसेने रंगवत होतीस."

सकाळी ओहोटी होती. दोघांनी मिळून मला नखशिखांत चिखल फासला. मला राग आला, लपवत नाही.

मालकाने वल्हं पाण्याबाहेर न काढता, आवाज न करता पाहुण्यांसह मला बेटाजवळ नेलं. दहा हातांवर एक करकोचा मासा गिळत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि दुसरा मासा शोधू लागला.

"अहो, गाडी चुकेल," बाई कुजबुजल्या.

"चुकू दे. गप्प बस."

पाहुणे आणखी तीन दिवस राहिले. निघताना बाई म्हणाल्या, "सगळं झकास. होडी तेवढी धुऊन घ्या."

"नाही धुणार," सून म्हणाली.

आता खोल्या क्वचितच रिकाम्या असतात. सून घरीच आहे. मला दर आठवड्याला ताजा चिखल मिळतो आणि करकोचे मला दगड समजतात. समजू देत.

तुम्हीही या. भडक कपडे घरी ठेवा, गप्पा काठावर उरका. आणि माझ्यात चढताना पाय पुसू नका.