मुद्देमालातल्या पेटीचं गाऱ्हाणं

भात्यात झुरळांनी बिऱ्हाड थाटलेली मी एक जुनी बाजाची पेटी आहे, मित्रांनो. पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत पडून आहे. खाली जप्त केलेल्या मोटारसायकलचं चाक, वर दारूचे रिकामे कॅन. अंगावर मांजरपाटाचं कापड शिवलंय आणि गाठीवर लाखेचा ठसा मारलाय. माझा गुन्हा काय, असं विचाराल तर काहीच नाही. उलट एका बाईला डांबून ठेवलं होतं, तिच्या सुटकेच्या वेळी सूर मीच धरला होता. आज ती बाई मोकळी आहे आणि मी कुलपात. आता चिडू नको तर काय करू?

पण चिडायलाही मला दुसऱ्याचा हात लागतो. कोणी भाता हलवल्याशिवाय मला हूं की चूं करता येत नाही. ज्यांना तोंड आहे ते गप्प बसतात आणि मला बोलायचं असतं तेव्हा माझ्या पोटात वारा नसतो. जन्मभर माझं हेच दुखणं आहे.

वणीतल्या एका सुतारानं मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. सूर बाहेरगावाहून मागवले, भाता स्वतः चिकटवला आणि पहिला ‘सा’ वाजला तेव्हा त्यानं हातातला रंधा खाली ठेवून नमस्कार केला. शुभदाताईंच्या वडिलांनी मला विकत घेतलं. त्यांच्या मांडीशी बसून ताई नारदीय कीर्तन शिकल्या. लग्न होऊन सासरी जाताना त्यांनी भांडी कमी नेली, पण मला नेलं. नवरात्रात, गणपतीत, दत्तजयंतीला लोक म्हणायचे, “ताईंचा आवाज आणि पेटी अशी मिसळते की कोण गातंय कळत नाही.” ते ऐकलं की माझ्या पट्ट्या सुखावायच्या.

मग मुलं झाली, त्यांच्या परीक्षा आल्या, नवऱ्याच्या बदल्या आल्या. मी पलंगाखाली गेले. माझ्या झाकणावर पापडाचे डबे राहिले, कधी इस्त्रीचे कपडे. मुलं मोठी झाल्यावर ताईंनी पुन्हा नऊवारी नेसून कीर्तनाला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा मुलगी ऋचा म्हणाली, “आई, ते धूड कशाला काढतेस? मोबाईलवर ॲप आहे, हवा तो सूर लाव.” ताई म्हणाल्या, “ॲपला माझा दम कळत नाही गं. मी श्वास घेईपर्यंत ही थांबते.” पलंगाखालून ऐकलेलं ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

ताईंचे यजमान नीळकंठराव कोळशाच्या वजनकाट्यावर अधिकारी. माणूस सरळ, थोडा चिडका. एका ट्रकवाल्या मालकाची वजनातली लबाडी त्यांनी पकडली आणि लेखी तक्रार केली. मालकानं आधी गोड बोलून पाहिलं, मग दरडावून. नीळकंठराव ऐकेनात. तेव्हा मालकानं दुसरा डाव टाकला.

कापूस वेचणीचे दिवस होते. दोन माणसं घरी आली. एक अतुल, किडकिडीत, बोलण्यात मऊ. दुसरा जीप चालवणारा मारोती. अतुल म्हणाला, “ताई, मारेगावकडच्या तांड्यावर कीर्तन ठेवलं हाय. उद्या दुपारी आमीच गाडी घेऊन येतो. वाजवणारा हाय आमच्याकडं, बाजा तेवढा संगं घ्या.” आणि रीतीप्रमाणे त्यानं ताईंच्या हातात नारळ ठेवला. ताईंनी तो देवापुढे ठेवला. आमच्याकडे कीर्तनाचं आमंत्रण असंच पक्कं होतं. नारळ घेतला की कीर्तनकारानं यायचं आणि ज्यानं दिला त्यानं कीर्तन करवून घ्यायचं. न्यायला यजमानांची गाडी येते, तशी ती आली. घरी कुणाला शंका येणार? मला आली होती. जीपमध्ये गुलाल नव्हता, हार नव्हता, पोरंसोरं नव्हती. पण मी कुणाला सांगणार?

गाडी तांड्याकडे वळलीच नाही. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतांमधून एका बंद पडलेल्या, सरकी काढायच्या जिनिंगच्या गोदामापाशी थांबली. मोठं लोखंडी दार, त्यात माणूस जाईल एवढी दिंडी, तिला बाहेरून कडी. आत जुन्या सरकीचा वास. मारोतीनं ताईंचा मोबाईल काढून घेतला आणि म्हणाला, “ताई, तुमाले कोनी हात नाही लावत. साहेबानं उद्या दिवस बुडायच्या आत तक्रार वापस घेतली का तुमी घरी.”

ताई रडल्या नाहीत. रात्रभर माझ्या झाकणावर हात ठेवून बसून राहिल्या. सकाळी पुटपुटल्या, “हे सही करतील. माझ्यासाठी करतील, आणि मग आरशात स्वतःचं तोंड पाहणार नाहीत.” भीती त्यांना स्वतःच्या जिवाची नव्हती, मित्रांनो. दिवस बुडायच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं. आणि मी, जिचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे जातो ती मी, शेजारी लाकडासारखी पडून होते. लाकडासारखी म्हणजे काय, लाकडाचीच आहे मी.

दुपारी मारोती दिंडीत खुर्ची टाकून बसला होता. अतुल मात्र माझ्याभोवती घुटमळत होता. मांजरानं दुधाभोवती घुटमळावं तसा.

“वाजवतोस?” ताईंनी विचारलं.

“वाजवत होतो. गावच्या भजनी मंडळात.”

“मग परवा खोटं नव्हतास बोलला. वाजवणारा आहे म्हणालास, तो आहे.”

अतुल ओशाळला. ताई शांतपणे म्हणाल्या, “नारळ दिलास ना मला? तो मी देवापुढे ठेवलाय. आता कीर्तन करवून घ्यायचं तुझ्याकडे लागतं.”

दारातून मारोती हसला. “ताई, तो नारळ तं आमी उगाच देल्ता. खोटा.”

“नारळ खोटा होता? आत पाणी नव्हतं?”

“पाणी होतं,” मारोती म्हणाला.

“मग खराच होता. खोटे तुम्ही होतात. नारळाकडे त्याचा काय दोष?”

अतुलचा चेहरा उतरला. “मारोतीभाऊ, हे खरं हाय. नारळ देऊन कीर्तन नाही केलं तं चांगलं नसते. आमच्या बुवानं सांगतलं होतं. माह्या मायनं एकडाव असंच केलतं, सालभर गाय गाभण नाही राह्यली.”

“तुही गाय अन् तुहा बुवा,” मारोती म्हणाला. पण त्याचंही हसू गेलं होतं. “बरं, करा. पण हळू आवाजात. आन् मी इथून हलत नाही.”

“दारात बसून कीर्तन ऐकतात का?” ताई म्हणाल्या. “आणि तबला नाही, माझ्या पिशवीतली झांज तरी कुणी धरायला हवी. देवाकडे तोंड करून बसा. पायताण दाराशी काढा, मोबाईल बंद करून तिथंच ठेवा.”

“मालकाचा फोन येईन न.”

“येऊ दे,” अतुलच म्हणाला. “आमच्या गावात कीर्तनात फोन वाजला म्हणून बुवानं सरपंचाले उठोलं होतं.”

माझ्या झाकणाच्या आत विठोबाचं लहानसं चित्र चिकटवलेलं आहे. ताईंनी झाकण काढून आतल्या भिंतीजवळच्या गाठोड्यावर उभं केलं. त्याच्यासमोर मी, माझ्यामागे अतुल, शेजारी झांज घेऊन मारोती. दोघांच्या पाठी दाराकडे. ताई तेवढ्या उभ्या. कीर्तनात उभं राहायचा मान कीर्तनकाराचाच असतो, बाकीच्यांनी बसायचं. त्या पुढे येतात, मागे जातात, कडेला सरकतात, त्याकडे कोणी संशयानं पाहत नाही.

अतुलनं माझा भाता हलवला. किती दिवसांनी परक्या हातानं मला धरलं होतं, आणि हात चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. बोटं घाणेरड्या कामाला लागली होती, पण सूर विसरली नव्हती. ताईंनी नमन म्हटलं. सत्य बोलण्याचं निरूपण केलं, तेही इतक्या मायेनं की मारोती झांज वाजवायचं विसरून ऐकत राहिला. मग त्या म्हणाल्या, “आता मध्यंतर. ‘राम कृष्ण हरी’ धरा. मी उचलेपर्यंत सोडू नका.”

इथे तुम्हाला कीर्तनातली एक रीत सांगते. कीर्तनकारानं नाम दिलं की साथीदारांनी ते म्हणत राहायचं. कीर्तनकार पाणी पितो, कपाळाला बुक्का लावून घेतो, श्वास घेतो. तो परत उचलेपर्यंत साथ सोडायची नाही. सोडली तर बुवांची काठी पाठीत बसते. अतुलच्या पाठीत ती लहानपणी बसली असणार, कारण त्यानं डोळे मिटले आणि नाम धरलं ते घट्ट. मारोतीनं त्याच्याकडे पाहून डोळे मिटले.

ताई देवाला प्रदक्षिणा घालू लागल्या. अनवाणी, लयीत. एक फेरी आमच्यापर्यंत, दुसरी थोडी मागे, तिसरी त्याहून मागे. पुढच्या फेरीला त्या आल्या नाहीत.

मला सगळं दिसत होतं. दिंडीपाशी वाकून त्यांनी मोबाईल उचलले, सगळ्यांची पायताणं उचलली. मला वाटलं, मलाही नेतील. वेडी मी. मी वाजत होते म्हणून तर त्या जाऊ शकत होत्या. माझा भाता एका कोपऱ्यात फुटलेला, त्यातून वारा सुटतो, मध्येच सूर मरतो. सूर मेला असता तर अतुलनं डोळे उघडले असते. मनात म्हटलं, देवा, आजपर्यंत मी बोलायला मागितलं, आज फक्त थांबू नको देऊ. बाहेरून कडी पडली. खूप हळू. नामात विरून गेली.

आणि हे दोघं गातच राहिले.

बऱ्याच वेळानं मारोती झांज वाजवत वाजवत पुटपुटला, “अत्या, ताई उचलून काहून नाही राह्यल्या?”

“पाणी पित असतीन. सोडू नको.”

“माहा घसा बसून राह्यला बे.”

“मंग हळू म्हण. पण म्हण.”

बाहेर शेतात तांड्यावरच्या बाया कापूस वेचत होत्या. ताई थेट त्यांच्यात गेल्या आणि त्यांतल्या लालीबाईचा हात धरला. हे मला नंतर, ताईंच्या जबाबाच्या वेळी कळलं. लालीबाईनं सगळं ऐकलं आणि आधी एकच विचारलं, “आमच्या तांड्यावर कीर्तन हाय म्हनून सांगतलं? आमच्याच नावानं? आन् आमालेच नाही बोलावलं?” ताईंनी घरी फोन लावला. नीळकंठरावांच्या हातात तेव्हा पेन होतं म्हणे. त्यांनी ते खिशात ठेवलं.

थोड्या वेळात गोदामाबाहेर पावलं वाजली. लालीबाईचा आवाज आला, “आतमधी तं भजन चालू हाय वं. कोन म्हनन हे चोर हायेत?” बायका हसल्या. तेव्हा कुठे मारोतीनं डोळे उघडले. मागे वळून पाहिलं. दिंडीला धडका दिल्या. मग परत येऊन सगळा राग माझ्यावर काढला, एक लाथ घातली. माझी खालची फळी तडकली.

“बाजाले लाथ नाही मारत,” अतुल म्हणाला. पोलिसांची गाडी येईपर्यंत तो खाली बसून माझ्या फळीवरून हात फिरवत होता.

तक्रार कायम राहिली. मालकावर, मारोतीवर, अतुलवर खटला उभा राहिला. आणि मी? मी मुद्देमाल झाले. ताई दोनदा मला मागायला आल्या. हवालदार भला माणूस, पण म्हणाला, “ताई, कोर्टाच्या हुकमाशिवाय ठसा तोडता येत नाही.” ताई म्हणाल्या, “तिला ऊन तरी दाखवा.” तो म्हणाला, “तेबी कोर्टालेच इचारा लागन.”

ताईंनी अर्धवट राहिलेलं कीर्तन लालीबाईच्या तांड्यावर पूर्ण केलं. साथीला मोबाईलचं ॲप. ऋचानंच लावून दिलं म्हणे. लालीबाईनं म्हणे विचारलं, “तुमचा बाजा कुठं हाय?” हवालदारानं ही गोष्ट दुसऱ्याला हसत हसत सांगितली. मला हसू आलं नाही. ताईंनी श्वास घेतला असेल तेव्हा ते यंत्र थांबलं नसेल, एवढंच मनात येत राहिलं.

काल जामिनावर सुटलेला अतुल हजेरी द्यायला आला होता. सही करून निघताना त्यानं खोलीच्या जाळीतून आत पाहिलं.

“साहेब, त्या बाजावरचे कॅन तरी उतरवा. भाता दबून जाईन.”

“तुले काय करायचं बाजाचं?” हवालदार म्हणाला. “आधी खटल्याचं बघ, मंग संगीत शिक.”

“मी काही नाही करत. फक्त कॅन उतरवा म्हणतो. पावसाळ्यात इथं ओल येते.”

हवालदारानं हात झटकला. अतुल निघून गेला. ज्यानं मला पळवून नेलं त्यालाच माझी काळजी, याचा राग करावा की काय, मला कळेना. कॅन अजून वरच आहेत.

तर मित्रांनो, माझं म्हणणं फार मोठं नाही. तुमच्या घरी पलंगाखाली, माळ्यावर, फडक्यात गुंडाळलेली एखादी पेटी असेल, तबला असेल, आजोबांची झांज असेल. निकाल लागेपर्यंत थांबू नका. आजच बाहेर काढा. फडक्यानं पुसा. भाता हलवा. बेसूर निघाला तरी चालेल, नुसता एक सूर काढा आणि थोडा वेळ धरून ठेवा. तुम्ही थांबलात की ती थांबेल. तेवढ्यासाठीच तर आमचा जन्म आहे. मी इथून ऐकते.