ओट्यावरचे दोन तळवे

नोएलाच्या स्वयंपाकघरात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बॅरी म्हणजे ग्रॅनाइटच्या खाणींचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारी माणसं आज ग्रॅनाइटच्या ओट्यापुढे गुडघे टेकून बसली होती. प्रवचनं करत फिरणाऱ्या ब्रदर ऑर्विलने बाटलीतलं पाणी ओट्यावर पसरलं आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. प्रार्थना लांबलचक होती, कारण दगड भिजायला वेळ लागतो. हळूहळू राखाडी ओटा काळवंडला आणि मधोमध दोन इवलेसे तळवे फिकट उरले.

"आली गं बाई, आली!" कुणीतरी हुंदका दिला.

नोएलाची सहा वर्षांची पिया गेल्या हिवाळ्यात गेली. बर्फावरून गाडी घसरली. गाडी तिचा बाप रेन्झो चालवत होता. त्याला साधं खरचटलंही नाही आणि तोच त्याचा गुन्हा ठरला. सांत्वनाला आलेल्या कुणाचा तरी पेला ओट्यावर कलंडला, तळवे दिसले, आणि ऑर्विल तिथेच उभा होता. तेव्हापासून ओट्याला फक्त त्याचंच पाणी चालायचं.

"पाहिलंत?" ऑर्विल म्हणाला. "दोन्ही तळवे समोर! लेकरू सांगतंय, थांबा! बापाला घरात घेऊ नका! आणि डाव्या हाताला चारच बोटं. बायबलातली चार शुभवर्तमानं!"

पाच असती तर याने येशूच्या पाच जखमा काढल्या असत्या, असं जीझेलच्या मनात आलं. ती नोएलाची थोरली बहीण, शाळेत विज्ञान शिकवायची. तळवे दिसल्यापासून नोएला दोन घास खाऊ लागली होती, म्हणून ती आजवर गप्प बसली होती. पण खिडकीतून तिला रस्त्यापलीकडे रेन्झोची गाडी दिसली. घराचं दार बंद झाल्यापासून तो दर रविवारी तिथे येऊन नुसता घराकडे बघत बसायचा. तिला ते बघवेना.

गर्दी पांगली, ओटा वाळला, तळवे दिसेनासे झाले. जीझेलने नळाखाली पेला भरला.

"अहो, थांबा! मूल रुसेल!" ऑर्विल ओरडला.

तिने पाणी ओतलं. थोड्या वेळात प्रार्थनेशिवाय तळवे उमटले.

"माझी प्रार्थना मुरलीय या घरात," ऑर्विल सावरत म्हणाला.

"मग बाटली कशाला वाहून आणता?"

नोएला ओट्याशी आली. "पण हात तिचेच आहेत ना, ताई? ते तरी खोटं म्हणू नकोस."

जीझेल बाहेर गेली आणि रेन्झोला हाताला धरून घेऊन आली. तळवे बघताच त्याने ते ओळखले.

"अपघाताच्या आदल्या दिवशी मी ओट्याला सीलर लावायला काढला होता," तो म्हणाला. "पाणी, तेल मुरू नये म्हणून. पोरीने दोन्ही हात डब्यात बुडवले आणि ओट्यावर ठेवले. मी ओरडलो तिच्यावर. हात धुवायला नेलं. म्हटलं, आता राहू दे, ओटा उद्या करू."

"सीलर लागला तिथे दगड पाणी पीत नाही," जीझेल हळू म्हणाली. "बाकीचा पितो आणि काळा पडतो. कुणीही ओता, कुठलंही पाणी ओता."

ऑर्विलने बाटली उचलली आणि निरोप न घेता निघून गेला.

"म्हणजे ती आली नव्हती," नोएला म्हणाली.

"नाही गं."

"'थांबा' असंही म्हणाली नव्हती?"

"खेळत होती ती."

नोएलाने डाव्या तळव्यातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "आणि हे बोट?"

"त्याला पट्टी होती," रेन्झो म्हणाला. "भिजू नये म्हणून वर धरलं होतं तिने."

"मीच बांधली होती," नोएला म्हणाली. "सांगितलं होतं, भिजवू नकोस. ऐकलं गं तिने माझं!" आणि ती रेन्झोच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली.

उरलेला ओटा त्यांनी कधीच सील केला नाही. कॉफीचे डाग पडतात, तेलाचे पडतात. सीलर झिजतो, तळवेही दोनचार वर्षांत पुसले जातील, हे दोघांना ठाऊक आहे.

दुःखातलं माणूस कशावरही विश्वास ठेवतं, त्याला हसू नये. पण बाटली घेऊन दारात येणाऱ्याला एवढं तरी विचारावं: बाबा रे, नळाचं पाणी का चालत नाही?